विल्यम केरी यांचे अपयश

थोर पुरुषांची चरित्रे आमच्या मंडळ्यांत आवडीने वाचली जातात. परंतु ती वाचून पुष्कळ वेळा वाचकाच्या मनास उभारी येण्याऐवजी ते खचून जाते. उपदेशक बंधू दहा गावे फिरून उपदेश करतो आणि घरी स्वतःचा मुलगा त्याचे ऐकत नाही. कोणी भाऊ कर्ज काढून लहानसे दुकान घालतो आणि दोन वर्षांत भांडवल गमावून बसतो. अशा मनुष्यास वाटते की, देवाचे लोक आपल्यासारखे चुकत नसतील. त्याच्याकरिता आम्ही आज विल्यम केरी यांचे चरित्र थोडक्यात सांगतो. केरी यांनी अनेक भाषांत शास्त्र छापले हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या धंद्यात आणि घरात काय काय बिघडले हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप विणकर होता, पुढे तो गावच्या शाळेत शिकवू लागला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलास जोडे शिवण्याचे काम शिकण्यास ठेविले. तेथे उमेदवारी करीत असता एका नाताळात त्याच्या हाती एक खोटे शिलिंग आले. आपले नुकसान भरून काढण्यासाठी त्याने ते धन्याच्या पैशांत मिसळले आणि ते धन्याचेच असल्याचे भासविले. लबाडी उघडकीस आली आणि मुलास गावात तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली. त्या लाजेनेच आपण तारणाऱ्याकडे वळलो, असे केरी पुढे सांगत असत. स्वतःच्या पापाची ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

१७८१ साली, वीस वर्षांचेही पुरते झाले नव्हते तेव्हा, त्यांनी डॉरथी प्लॅकेट हिच्याशी विवाह केला. ती त्यांच्याहून वयाने मोठी असून तिला लिहिता येत नव्हते. पहिली मुलगी दुसऱ्या वर्षीच तापाने वारली. पुढे धनी मरण पावला व दुकानाचा आणि त्याच्या मागे राहिलेल्या माणसांचाही भार केरी यांच्यावर पडला. तेव्हा धंदा मंद होता. मागणीप्रमाणे तयार केलेला जोड्यांचा मोठा माल गिऱ्हाइकाने नाकारला आणि तो मिळेल त्या किमतीस विकावा लागला. जोड्यांची पिशवी खांद्यावर टाकून, थंडीवाऱ्यात गावोगाव हिंडून त्यांनी दिवस काढले. मोल्टन येथे शाळा काढली, तीही नीट चालली नाही. ते विद्वान होते, परंतु मुलांस धाकात ठेवणे त्यांस जमत नसे. शाळेत आपण मुलांस सांभाळीत नव्हतो, मुलेच आपणास सांभाळीत होती, अशी ते पुढे स्वतःची थट्टा करीत. हा दोष तेव्हा लहान वाटला. पुढे स्वतःच्या घरात त्याची मोठी किंमत द्यावी लागली.

तरी ऐरणीजवळ पुस्तक ठेवून त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा शिकून घेतल्या. ते प्रथम मोल्टन येथे व नंतर लेस्टर येथे पाळक झाले. १७९२ साली त्यांच्या आग्रहाने केटरिंग येथे मिशनरी संस्था स्थापन झाली आणि हिंदुस्थानास जाण्यास ते स्वतःच तयार झाले.

येथे आम्हांस एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. डॉरथीबाईंचे मन या प्रवासास मुळीच तयार नव्हते. लहान मुले पदरी, चौथे मूल पोटात, आणि समुद्रापलीकडचा अनोळखी देश! केरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघालेही होते. परंतु परवाना नसल्यामुळे आणि सोबती डॉक्टर टॉमस यांच्या देण्यामुळे त्यांस जहाजावरून उतरावे लागले. ते घरी परतले तो मूल जन्मले होते. या वेळी मनधरणी करून, बहीण सोबत येत असेल तर येते, इतके त्यांनी पत्नीकडून वदवून घेतले, आणि थोड्याच तासांत सामान बांधून सर्वजण निघाले. १३ जून १७९३ रोजी जहाज सुटले व ११ नोव्हेंबरास ते कलकत्त्यास पोहोचले. हृदयाने न दिलेल्या होकारावर त्या संसाराचा पाया घातला गेला.

कलकत्त्यास पोहोचल्यावर काही आठवड्यांतच पैसा संपला, कारण हिशेब टॉमस यांच्या हाती होता आणि त्यांस खर्चाचे भान नव्हते. केरी यांनीही वेळीच चौकशी केली नाही. मुलाबाळांसह ते प्रथम एका सावकाराच्या रिकाम्या घरात व नंतर सुंदरबनच्या जंगलात राहिले. १७९४ च्या उन्हाळ्यात जॉर्ज अडनी नावाच्या सज्जन गृहस्थांनी त्यांस दिनाजपूर भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर महिना दोनशे रुपये पगाराने नेमिले. पोटाची चिंता मिटली. परंतु त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आमांशाने वारला. विटाळाच्या भीतीने त्याला पुरावयासही माणसे मिळेनात. आजाराने आधीच खंगलेल्या आईचे मन या धक्क्यातून सावरले नाही. १७९५ सालापासून तिला भ्रम झाला आणि पुढील बारा वर्षे, ८ डिसेंबर १८०७ रोजी देवाने तिला नेईपर्यंत, तो गेला नाही. एका खोलीत आजारी पत्नीचा आक्रोश आणि पलीकडच्या खोलीत पंडितासह शास्त्राचे भाषांतर, असे ते घर होते. केरी यांनी पत्नीस टाकून दिले नाही, तिला मारझोड केली नाही. मित्रांनी वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा सल्ला दिला तरी तिला घरीच सांभाळले. तथापि जी चूक प्रारंभी झाली ती या सहनशीलतेने भरून आली असे आम्ही म्हणणार नाही. काही चुका सुधारता येत नाहीत. त्यांचे ओझे सौम्यपणे वाहावे लागते.

निळीचा धंदाही बसला. नदीचे पूर आले, पिके बुडाली आणि अडनी यांनी कारखाना बंद केला. केरी यांनी साठविलेले पैसे घालून १७९९ साली खिदिरपूर नावाच्या जवळच्या गावी स्वतः लहानसा कारखाना घेतला, आणि वर्ष संपण्यापूर्वी तोही नुकसान सोसून सोडावा लागला. सहा वर्षांच्या अखेरीस हिशेब मांडला तर पैसा गेला, एक मुलगा गेला, पत्नीचे मन गेले, आणि एकाही बंगाली मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. परंतु या वर्षांतच ते बंगाली चांगली बोलू लागले, संस्कृत शिकले, मजुरांबरोबर काम करून खेड्यातील लोकांची रीत त्यांस कळली. अडनी यांनी त्यांस लाकडाचा एक छापण्याचा दाब घेऊन दिला होता. तो पाहून लोक त्यास साहेबांचा देव म्हणत. पुढे श्रीरामपुरास जे काम झाले त्याचे बी येथेच पडले होते.

१० जानेवारी १८०० रोजी केरी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे आले. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असल्यामुळे कंपनी सरकारास तेथून मिशनरी लोकांस घालविता येत नव्हते. शिक्षक जोशुआ मार्शमन आणि छापण्याच्या कामात तरबेज विल्यम वॉर्ड त्यांस तेथे मिळाले. एकाच्या हाती पैसा आणि बाकीचे अंधारात, याचा परिणाम केरी कलकत्त्यात भोगून चुकले होते. म्हणून येथे सर्वांची मिळकत एका सामाईक निधीत जाई, जमाखर्च सर्वांस दिसे, आणि दर शनिवारी रात्री एकत्र बसून आठवड्यातील रुसवेफुगवे मिटविल्यावाचून कोणी उठत नसे. १८०१ साली केरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. त्यांस प्रथम महिना पाचशे व पुढे हजार रुपये मिळू लागले, तरी घरखर्चापुरता थोडासा भाग ठेवून बाकी सर्व ते त्या निधीत घालीत. आमच्यातील जे बंधू भागीने धंदा करू इच्छितात त्यांनी ही शनिवारची बैठक ध्यानात ठेवावी. पुष्कळ भागीदाऱ्या तोट्याने नव्हे, तर संशयाने मोडतात.

आता मुलांकडे वळू. श्रीरामपुरास आले तेव्हा फेलिक्स चौदा वर्षांचा, विल्यम बाराच्या आसपास, जेबेझ सहा वर्षांचा व जोनाथन चारांचा होता. आई आजारी आणि बाप दिवसभर पुस्तकांत. मुले रानात वाढल्यासारखी झाली होती. कोणाचा धाक नाही, शिकवण नाही. मार्शमन बाईंनी हे पाहिले व त्यांस फार वाईट वाटले. त्यांच्या मते केरी यांस मुलांचे दोष दिसत होते, त्यांचे दुःखही होते, परंतु कठोर होण्याचे बळ त्यांच्या अंगी नव्हते. एली याजकाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु एलीने जे केले नाही ते केरी यांनी केले. आपल्याने हे होत नाही हे मान्य करून त्यांनी इतरांस मदत करू दिली. त्यात त्यांनी मानापमान धरला नाही. मार्शमन बाईंनी धाकट्यांस शिस्त लाविली. वॉर्ड यांनी फेलिक्सला छापखान्यात आपल्याजवळ घेतले, खिळे जुळविण्यास शिकविले आणि मित्राप्रमाणे त्याच्याशी बोलून त्याचे मन वळविले. २८ डिसेंबर १८०० रोजी गंगेत कृष्ण पाल या पहिल्या बंगाली बंधूबरोबर फेलिक्सचाही बाप्तिस्मा बापाच्या हातून झाला.

तरी गोष्ट येथे संपत नाही. फेलिक्स १८०७ साली ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला. तेथे तो भाषा शिकला, देवी टोचू लागला आणि राजाच्या मर्जीस चढला. १८१४ साली इरावती नदीत त्याची नाव उलटली. पत्नी व मुले बुडाली आणि बरोबरचा छापखानाही गेला. त्यानंतर तो ब्रह्मी राजाचा वकील होऊन मोठ्या लवाजम्याने कलकत्त्यास आला. लोकांस ही बढती वाटली. बापास मात्र ही घट वाटली आणि त्यांचे मन फार दुखावले. पुढे राजाची मर्जी गेली आणि फेलिक्स बंगालच्या पूर्वेकडील डोंगरांत सुमारे तीन वर्षे भटकत राहिला. अखेरीस वॉर्ड यांसच तो चितगावकडे भेटला आणि त्यांनी त्यास घरी आणिले. केरी यांनी जुना हिशेब काढला नाही. त्यांनी मुलास जवळ घेतले आणि काम दिले. फेलिक्सने बंगालीत शरीरशास्त्रावर ग्रंथ लिहिला, यात्रेकरूच्या प्रवासाचे बंगाली भाषांतर केले, आणि १० नोव्हेंबर १८२२ रोजी बापाच्या गावीच तो मरण पावला. जेबेझ १८१४ साली अंबॉयना बेटास मिशनरी म्हणून निघाला तेव्हा बापाने त्यास लांबलचक पत्र लिहिले. भाषा शिकण्याचा उपदेश त्यात होताच. पण पत्नीशी प्रेमाने व आदराने वागावे, असेही त्यात आवर्जून लिहिले होते. ते लिहिताना केरी यांस कोणाची आठवण झाली असेल, हे सांगावयास नको.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, अनेक भाषांचे खिळे, व्याकरणांची हस्तलिखिते आणि केरी यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेला अनेक भाषांचा मोठा कोश जळून गेला. नुकसान साठ-सत्तर हजार रुपयांच्या घरात होते. राख उपसताना खिळे ओतण्याचे पोलादी ठसे मात्र शाबूत सापडले आणि त्यांवरून लगेच नवे खिळे ओतण्यास आरंभ झाला. एकदा चाललेल्या वाटेने दुसऱ्यांदा जाणे सोपे असते आणि पाऊलही अधिक नेमके पडते, असे म्हणून केरी पुन्हा लिहावयास बसले. पुस्तकांस वाळवी खाते म्हणून त्यांनी वाळवी न लागणारा कागद तयार करविला. चाक माणसांच्या पायांनी फिरवून काम भागेना तेव्हा १८२० साली इंग्लंडहून वाफेचे यंत्र आणविले.

आमच्या मराठी भाषेवरही त्यांचे ऋण आहे. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण, १८१० साली मराठी कोश, आणि १८११ साली मराठी नवा करार छापला. तो नवा करार मुंबईकडील लोकांस नीट समजेना; म्हणून अमेरिकन मिशनरी लोकांनी नवे भाषांतर केले व ते १८२६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रयत्नात उणे राहणारच, हे केरी जाणून होते. स्वतःचा बंगाली नवा करार त्यांनी १८०१ पासून १८३२ पर्यंत पुन्हा पुन्हा तपासून आठ वेळा छापला.

म्हातारपणीही तोटा चुकला नाही. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या आणि श्रीरामपूरच्या कामासाठी ठेविलेला पैसा त्यांत गेला. ९ जून १८३४ रोजी केरी यांनी देह ठेविला. आपल्या थडग्यावर मोठेपणाचे शब्द नसावेत, आपण दीन व असमर्थ असून देवाच्या हातांवर पडतो इतकेच असावे, अशी त्यांची इच्छा होती.

प्रिय वाचकहो, या चरित्रातून चुकणे चांगले असते असा बोध कोणी घेऊ नये. डॉरथीबाईंनी जे भोगले ते कोणत्याही ग्रंथाने भरून निघत नाही. उपदेशक बंधूंनी घर सोडण्यापूर्वी घरच्या बाईचे मन खरोखर काय म्हणते हे विचारावे, आणि उत्तर ऐकण्यास थांबावे. मुलगा हाताबाहेर जात असेल तर शेजारच्या वडील भावाची किंवा शाळेच्या गुरुजींची मदत मागण्यास लाजू नये. धंद्यात बुडाला असेल त्याने हिशेबाची वही लपवू नये. ती उघडून चार समंजस भावांपुढे ठेवावी. आणि ज्याचा मुलगा दूर भटकत आहे त्याने दार लावून घेऊ नये. केरी यांचा फेलिक्स परत आला तेव्हा ते उघडेच होते.