एक्सप्लेनर : धुळ्यात राहिलेल्या रमाबाई रानडे आणि आपल्या दवाखान्यातली ‘सिस्टर’, नेमका संबंध काय?

डिजिटल डेस्क, शिरपूर : अंगावरून पांढरं जातंय, पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली तरी मध्येच रक्त दिसतंय, संबंधानंतर डाग पडतोय. आपल्याकडची बाई या गोष्टी नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, डॉक्टरसमोर बसली तरी अर्धं गिळून टाकते. सांगितलंच तर नर्सला सांगते, तेही तपासणीच्या खोलीचा पडदा ओढल्यावर. गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकर सापडणं पुष्कळदा या दोन मिनिटांच्या बोलण्यावर अवलंबून असतं.

पण मराठी घरातल्या मुलीने नर्स होणं ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लाजेची बाब होती. ती लाज मोडायला ज्यांनी आपलं नाव आणि घर पुढे केलं त्यात रमाबाई रानडे आहेत. ‘उंच माझा झोका’ ही मालिका पाहिलेल्यांना त्या न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून माहीत आहेत. मालिकेतली छोटी रमा लक्षात राहते. रमाबाईंनी उत्तरायुष्यात केलेलं नर्सिंगचं काम मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

अकरा वर्षांची नवरी

रमाबाईंचं माहेर कुर्लेकरांचं, गाव आत्ताच्या सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. माहेरचं नाव यमुना. १८७३ मध्ये त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि नवरा एकतिशीचा. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर ते विधवेशी लग्न करतील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि लहान मुलीशी लग्न केलं. याबद्दल रानड्यांवर तेव्हाही टीका झाली आणि ती योग्यच होती.

लग्नानंतर रानड्यांनी लगेच तिला अक्षरओळख सुरू केली. घरातल्या मोठ्या बायकांना ते खपलं नाही. टोमणे, अबोला, कामाचा ढीग, सगळं झालं. रमाबाई उलटून बोलल्या नाहीत आणि अभ्यासही सोडला नाही. हा स्वभाव त्यांना पुढे फार उपयोगी पडला.

धुळ्याचे दिवस

१८७९ हे वर्ष वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचं. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाड्याला आग लागली. सरकारला पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मणांचा संशय, आणि त्यात रानड्यांचं नाव वरचं. ते तेव्हा नाशिकला होते. त्यांची तडकाफडकी बदली झाली धुळ्याला.

तेव्हा अख्खा खान्देश एकच जिल्हा होता आणि धुळे त्याचं मुख्य ठिकाण. पूर्व आणि पश्चिम खान्देश वेगळे झाले १९०६ मध्ये. धुळ्याहून आग्रा रोडने तापी ओलांडली की आपलं शिरपूर, साधारण पन्नास किलोमीटर. रमाबाई शिरपूरला आल्या होत्या असा दावा आम्ही करत नाही. पण सतरा-अठरा वर्षांची ही मुलगी आपल्या जिल्ह्यात राहिली, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

धुळ्यात रानड्यांची पत्रं सरकार फोडून वाचत होतं. फडक्यांच्या नावाने बनावट पत्रंही येत. रानडे ती सरळ पोलिसांकडे पाठवून देत. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात हा काळ लिहून ठेवला आहे. आपल्यावर पाळत आहे हे माहीत असताना रोजचं काम न चुकता करायचं, हे त्या धुळ्यात जवळून बघत होत्या.

पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, म्हणून मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी भरसभेत इंग्रजीत निवेदन वाचलं. घरी त्याची शिक्षा भोगावी लागलीच. ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झालं.

रानडे गेल्यानंतर

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. शेवटच्या आजारात त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली. मूलबाळ नव्हतं. चाळिशीच्या आतबाहेरच्या या विधवेने वर्षभर स्वतःला पुण्याच्या घरात कोंडून घेतलं. नंतर त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं आणि अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. पुढच्याच वर्षी पुण्यात सेवासदन उभं राहिलं, सुरुवात रानड्यांच्या वाड्यातच. सोबत गोपाळ कृष्ण देवधर. बायकांना लिहिणं-वाचणं आणि शिवणकाम शिकवण्यापर्यंत लोकांची फार हरकत नव्हती. सेवासदनने ससून हॉस्पिटलमध्ये मुलींना नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मात्र खळबळ उडाली.

नर्सिंगला एवढा विरोध का होता?

तेव्हाच्या डोळ्यांनी बघा. नर्स म्हणजे रात्रपाळी. पुरुष डॉक्टर, पुरुष रुग्ण. कुठल्याही जातीच्या शरीराला हात लावायचा. रक्त, बाळंतपणाचे कपडे, पू, विटाळ. बाळंतपण करणारी सुईण गावाला लागायची, पण तिला ओसरीच्या आत घ्यायचं की नाही हे तिच्या जातीवर ठरायचं. तिच्या हातातल्या कौशल्याला कुणी विद्या म्हणत नव्हतं.

हा केवळ आपल्याकडचा प्रकार नव्हता. इंग्लंडमध्येही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा काढली, त्याआधी नर्सिंग हे चांगल्या घरच्या मुलीचं काम समजलं जात नव्हतं.

आपल्याकडे बायकांसाठी दवाखाने उभे राहत होते. १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड सुरू झाला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल. मोजक्या का होईना, स्त्री डॉक्टरही तयार होत होत्या. पण डॉक्टर येते, तपासते आणि जाते. रात्रभर खाटेजवळ थांबणारी, कपडा बदलणारी, रक्तस्राव वाढला तर आधी ओळखणारी बाई कुठून आणायची? इमारत बांधता येते, यंत्र विकत घेता येतं. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, त्यामुळे दवाखाना म्हटला की मला आधी मशीनच दिसतात. पण इथे अडत होतं ते माणसावर.

सेवासदनकडे ही माणसं आली ती मुख्यतः तरुण विधवांमधून. ज्यांना घरात शुभकार्यात उभं राहायची परवानगी नव्हती, त्यांना वॉर्डात उभं करायचं. लोक हसले, नावं ठेवली. रमाबाईंनी ते अंगावर घेतलं. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींची पत्नी ज्या संस्थेची प्रमुख आहे, तिथल्या मुलींना ‘तसल्या’ म्हणणं जरा अवघड जायचं. आपल्या आडनावाच्या वजनाचा असा वापर त्यांनी केला.

बक्षीस समारंभातला प्रसंग

सेवासदनच्या वार्षिक समारंभात गॅलरीत कॉलेजची मुलं बसली होती. बक्षीस घ्यायला एक विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर आली, केशवपन केलेलं डोकं लाल आलवणाच्या पदराने झाकलेलं. मुलांनी हुर्यो उडवली.

समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या आणि एरवी शांत बोलणाऱ्या या बाईंचा आवाज चढला. कॉलेजात जाऊन तुम्ही शिकलात तरी काय, असं त्यांनी त्या मुलांना विचारलं. विधवा नाही असं घर सापडणार नाही. ती तुमची बहीण असेल, आई असेल, हे त्यांनी सुनावलं. त्या स्वतः विधवा होत्या, हे सभागृहात प्रत्येकाला ठाऊक होतं.

सासरी वर्षानुवर्षं टोमणे गिळणारी तीच ही बाई. स्वतःसाठी त्यांनी आवाज चढवल्याचे प्रसंग फारसे सापडत नाहीत.

एक मर्यादाही नोंदवायला हवी. सेवासदनच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी बहुतांश वरच्या जातींमधल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं केलेल्या सुईणींना त्यातून मान मिळाला, असं म्हणता येणार नाही.

पुढच्या काळात मुलींचं सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणि स्त्रियांचा मताधिकार या चळवळींतही रमाबाई होत्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आज हे का वाचायचं?

भारतातल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल गर्भाशयमुखाचा कॅन्सर आढळतो. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू. हा कॅन्सर होण्याआधी पेशींमध्ये बदल होतात आणि त्याला बहुतेकदा काही वर्षं लागतात. म्हणजे पकडायला वेळ मिळतो.

पकडण्याची एक साधी पद्धत आहे. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबायचं. संशयास्पद भाग पांढरा दिसतो. याला ‘व्हीआयए’ तपासणी म्हणतात आणि प्रशिक्षित नर्स ती करू शकते.

टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. बारा वर्षांनी दिसलं की तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

सांगवी, बोराडी, पळासनेरकडच्या पाड्यांवरची बाई मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलला सहज जाऊ शकत नाही. तिच्यापर्यंत पोहोचते ती आशाताई आणि उपकेंद्रातली सिस्टर. पुढे उपचार सुरू झाल्यावरही रेडिएशननंतरची जळजळ, लघवीचा त्रास, नवऱ्याशी संबंध कधी ठेवायचे हा प्रश्न, हे सगळं बाई विचारते ते नर्सलाच.

तपासणी कुणी, कधी करायची?

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी असं ठरलेलं आहे. त्रास नसला तरी करायची. पाळीच्या दिवसांत जाऊ नका. तपासणीला काही मिनिटंच लागतात, भूल द्यावी लागत नाही. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. पुढची तपासणी करून ठरवतात. पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं, संबंधानंतर रक्त दिसलं किंवा दुर्गंधी असलेला स्राव होत असेल, तर वयाची वाट न बघता लगेच दाखवा. आणि तपासणीला स्त्री नर्स किंवा स्त्री डॉक्टर हवी असेल, तर तसं आधीच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.