द्राक्षमळ्यातून आलेला शांतिदास

इटलीच्या नकाशातील बुटाच्या टाचेजवळ ब्रिंदिसी नावाचे बंदर आहे. एके काळी हे नाव मुंबईच्या सुशिक्षित घरांत चांगलेच परिचित होते. विलायतेची टपाल आगगाडीने तिथपर्यंत येई आणि तिथून बोटीने सुएझमार्गे मुंबईला निघे. १४ डिसेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे महात्मा गांधी याच बंदरात ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले. ब्रिंदिसीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर सान व्हितो देई नोर्मानी हे गाव आहे. तिथल्या एका द्राक्षमळेवाल्या उमराव घराण्यातील थोरला मुलगा पुढे पाच-सहा वर्षांनी गांधींच्या शोधात वर्ध्यात येऊन पोहोचला. सेगावच्या झोपडीत त्याला ‘शांतिदास’ हे नाव मिळाले. युरोप त्यांना लान्झा देल वास्तो या नावाने ओळखतो. आपल्याकडे मात्र, ज्या वर्ध्याने त्यांना घडवले त्या वर्ध्यातही, हे नाव आता फारसे कुणाला आठवत नाही.

त्यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ चा, म्हणजे ऐन द्राक्षतोडणीच्या हंगामातला. लान्झा दी त्राबिया हे सिसिलीतील जुने सरदार घराणे. वडील लुइजी कायद्याचे पदवीधर होते, पण त्यांनी शेती आणि वाइननिर्मितीचा व्यवसाय सांभाळला. आई बेल्जियममधील अँटवर्पची. घरात इटालियन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा नांदत होत्या.

पुलिया या प्रांतातील वाइनची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती विदर्भाच्या कापसाच्या गोष्टीशी विलक्षण जुळते. तिथे ऊन कडक, पाऊस कमी. वेल मांडवावर न चढवता झुडपासारखे बुटके ठेवतात. नीग्रोआमारो आणि प्रिमितिव्हो ही तिथली मुख्य काळी द्राक्षे. रस सालींसकट आंबवला की सालींचा रंग आणि तुरटपणा त्यात उतरतो आणि दाट, गडद, कडक अशी रेड वाइन तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील द्राक्षबागा फायलोक्सेरा या किडीने उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा या वाइनला अचानक सोन्याचा भाव आला. गव्हाची शेते आणि कुरणे मोडून लोकांनी वेल लावले. पुढे १८८८ मध्ये फ्रान्स आणि इटली यांच्यात जकातयुद्ध भडकले, फ्रान्सची बाजारपेठ बंद झाली आणि पुलियातील शेतकरी देशोधडीला लागले. त्यानंतरही अनेक दशके ही वाइन पिंपांतून उत्तरेकडे जात राहिली. तिथल्या फिक्या वाइनला रंग आणि जोर देण्यासाठी ती मिसळली जाई. बाटलीवर नाव उत्तरेकडच्या व्यापाऱ्याचे, उन्हात राबलेल्या मजुराचा पत्ता कुठेच नाही. हिंगणघाटच्या कापसाची कथा याहून वेगळी काय होती? माल इथला, भाव तिथला. पुलियातील लहान-मोठी घराणी आज स्वतःच्या नावाने बाटल्या भरतात, नीग्रोआमारोला जगभर गिऱ्हाईक आहे. पण लान्झांच्या बालपणी हे चित्र नव्हते.

या मुलाने मळ्याचा वारसा चालवला नाही. पॅरिसच्या कोंदोर्से विद्यालयात शालेय शिक्षण, नंतर फ्लॉरेन्स आणि पिसा येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास, १९२८ मध्ये डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास झाला. सहा फुटांहून उंच, देखणे, कविता करणारे आणि चित्रे काढणारे लान्झा पॅरिस, फ्लॉरेन्स, बर्लिन असे भटकत राहिले. बुद्धी होती, घराणे होते, मित्र होते. काय करायचे ते मात्र ठरत नव्हते. इकडे युरोप दुसऱ्या महायुद्धाच्या दिशेने घसरत चालला होता. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केले. रोमां रोलां यांनी लिहिलेले गांधींचे चरित्र लान्झांनी वाचले होते. युद्ध टाळण्याचा एखादा उपाय जगात असेलच तर तो या माणसापाशी असेल, असे मनाशी धरून ते १९३६ च्या अखेरीस हिंदुस्थानकडे निघाले.

प्रथम सिलोन, मग तमिळनाडूतील मंदिरे, तिरुवन्नमलईत रमण महर्षींचे दर्शन असे करीत ते वर्ध्याला पोहोचले. महर्षींच्या सान्निध्यात मिळणारी शांती त्यांना मोलाची वाटली, पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांना केवळ स्वतःची मुक्ती नको होती. जगातील हिंसेचे काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या आयुष्याची पुढची दिशा कळण्यासाठी ही निवड ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१९३७ च्या पूर्वार्धातील वर्धा म्हणजे एक अजब प्रयोगशाळा होती. गांधी आदल्या वर्षी मगनवाडी सोडून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले होते. मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन असे ग्रामोद्योग चालू होते. शहराला खेटून असलेल्या नालवाडीत विनोबा राहत होते. २५ डिसेंबर १९३२ रोजी ते तिथे आले. वस्ती बहुतांशी हरिजनांची. सूत कातून जी मजुरी मिळेल तीवरच पोट भरायचे, असा त्यांचा तिथला प्रयोग होता. कातणाऱ्या बाईला बाजारात जे मिळते त्यात माणूस जगू शकतो का, हे त्यांना स्वतःच्या देहावर तपासून पाहायचे होते, आणि त्या देहाने त्याची किंमतही मोजली. प्रकृती इतकी ढासळली की १९३८ मध्ये त्यांना पवनारला जाऊन राहावे लागले. याच नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय उभे केले होते. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे, समाजाने अस्पृश्य ठरवलेले काम सवर्ण कार्यकर्ते तिथे हाताने करीत होते.

लान्झा वर्ध्यात सुमारे तीन महिने राहिले. चरखा शिकले, पिंजण शिकले, अंगमेहनतीची सवय लावून घेतली. ज्याच्या घरची द्राक्षे दुसऱ्यांनी खुडली आणि तुडवली, त्याला आपले वस्त्र आपण कातावे आणि आपले अन्न आपल्या श्रमाने मिळवावे हा धडा इथे मिळाला. गांधींच्या आश्रमजीवनात मद्याला अर्थातच थारा नव्हता. त्याच वर्षी काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे आली आणि १ ऑक्टोबर १९३७ पासून राजाजींनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. पुढे सत्तरच्या दशकात वर्धा जिल्हाही दारूमुक्त घोषित झाला. वाइनवर पोसलेल्या घराण्यातील मुलाने अशा ठिकाणी आपले गुरुस्थान शोधावे हा योगायोग गमतीचा खरा. मात्र गांधींकडून त्यांनी जे नेले ते निषेधांच्या यादीपेक्षा पुष्कळ मोठे होते. हिंसा ही रणांगणावर सुरू होत नाही; दुसऱ्याच्या श्रमावर जगण्याच्या सवयीत तिचे मूळ असते, ही दृष्टी त्यांनी नेली.

वर्ध्याहून ते हिमालयात गेले आणि गंगेच्या उगमाकडे पायी चालत निघाले. तिथे त्यांना परत जाऊन आपल्या देशात काहीतरी स्थापन करण्याची अंतःप्रेरणा झाली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते युरोपात परतले, पण अकरा वर्षे काही स्थापन झाले नाही. मध्ये महायुद्ध होऊन गेले. जर्मन फौजांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये १९४३ साली त्यांचे ‘उगमांची तीर्थयात्रा’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाचे पुस्तक निघाले आणि त्याने त्यांना एकदम प्रसिद्धी मिळवून दिली. चोहीकडे संहार चालू असताना फ्रेंच वाचक वर्ध्याच्या मातीच्या झोपडीविषयी वाचत होते.

१९४८ मध्ये, गांधींच्या हत्येच्या वर्षी, त्यांनी सिमोन जेबेलिन या गायिकेशी विवाह केला आणि ‘लार्श’ हा समुदाय स्थापला. सारे तिला शांतरेल म्हणत. लार्श म्हणजे नौका, बायबलमधील नोहाची. लोकर कातणे, विणणे, शेती, शाकाहार, प्रार्थना आणि सर्वसंमतीने निर्णय ही त्या समुदायाची चौकट. पहिले प्रयत्न फसले, माणसे आली आणि गेली. जागाही बदलल्या. अखेर १९६० नंतरच्या काळात दक्षिण फ्रान्समधील एरो भागात, ला बोरी नोब्ल या ओसाड पडलेल्या वस्तीत समुदाय स्थिरावला. खालच्या मैदानात फ्रान्समधील सर्वांत विस्तीर्ण द्राक्षमळ्यांपैकी काही पसरलेले होते. पडलेल्या भावाविरुद्ध १९०७ मध्ये पेटून उठलेल्या द्राक्षशेतकऱ्यांचा हाच मुलूख.

मधल्या काळात, १९५४ च्या सुरुवातीला, ते पुन्हा भारतात आले. नालवाडीत सूत कातणारे विनोबा आता भूदानासाठी बिहारची खेडी पायाखाली घालत होते. लान्झा त्यांच्याबरोबर चालले आणि परत जाऊन त्यांनी विनोबांवर पुस्तक लिहिले. फ्रेंच वाचकाला भूदानाची ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना करावी लागेल. विनोबांना गांधींचे खरे वारस मानणाऱ्या पहिल्या युरोपीय लेखकांपैकी ते एक होत. भूदानात मिळालेल्या जमिनीचे पुढे जे झाले, ते ध्यानात घेता त्यांचा उत्साह आज भाबडा वाटू शकतो. पण त्या पदयात्रेतून त्यांनी उचललेली कृतीची रीत फ्रान्समध्ये फळाला आली, हेही तितकेच खरे.

१९५७ मध्ये अल्जीरियातील फ्रेंच लष्कराच्या छळाविरुद्ध त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. स्वदेशाच्या सैन्याविरुद्ध बोलणे तेव्हा देशद्रोहच समजला जाई. १९५८ मध्ये मार्कूल येथील प्लुटोनियम कारखान्याविरुद्ध निदर्शने केली. १९६३ च्या वसंतात, व्हॅटिकन परिषदेच्या काळात, पोपनी युद्धाविरुद्ध स्पष्ट बोलावे यासाठी रोममध्ये चाळीस दिवस उपोषण केले. ११ एप्रिल रोजी तेविसाव्या जॉन पोपचे शांततेवरील प्रसिद्ध परिपत्रक निघाले. उपोषणामुळेच ते निघाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याची तयारी आधीपासून चालू होती.

लार्झाकची गोष्ट मात्र वेगळी. या खडकाळ पठारावर मेंढ्या पाळणारे आणि रोकफोर चीजसाठी दूध पुरवणारे शेतकरी राहत. १९७१ मध्ये सरकारने तिथला लष्करी तळ अनेक पटींनी वाढवायचे ठरवले. शेतकरी सनातनी कॅथलिक, आंदोलनाशी त्यांचा कधी संबंध आलेला नव्हता, आणि त्यांना मदत करायला धावलेल्या जहाल तरुणांना बंदुकीची भाषा प्रिय होती. १९७२ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या लान्झांनी तिथे जाऊन पंधरा दिवसांचे उपोषण केले. त्यानंतर १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. मेंढ्या थेट आयफेल टॉवरखाली नेऊन चारल्या, पायी पॅरिस गाठले, दहा वर्षे लढा दिला. पण अहिंसेची वाट सोडली नाही.

शांतरेल १९७५ मध्ये गेल्या. लान्झांनी व्याख्यानांचे दौरे चालूच ठेवले. अशाच एका दौऱ्यात, जानेवारी १९८१ मध्ये, स्पेनमध्ये त्यांचे निधन झाले. ला बोरी नोब्लच्या मातीत त्यांना पुरण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समध्ये सत्तापालट झाला आणि नवे अध्यक्ष मितेराँ यांनी लार्झाकच्या तळाचा विस्तार रद्द केला. मेंढ्या अजूनही त्या पठारावर चरतात.