लेथ टाकण्याआधी लेव्हल का बघतात? हेन्री मॉडस्लेची गोष्ट

बेळगावचं उद्यमबाग घ्या, कोल्हापूरचं उद्यमनगर घ्या, नाहीतर वडोदऱ्याचं मकरपुरा. घरामागच्या शेडमध्ये एक लेथ टाकून धंदा सुरू केलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. नवीन मशीन टेम्पोतून उतरलं की नारळ फुटतो, हळदकुंकू लागतं आणि त्याच संध्याकाळी पहिला जॉब चकमध्ये बांधायची घाई सुटते. जाणता टर्नर मात्र आधी लेव्हल मागतो. बेड सरळ बसलाय का, हे बघितल्याशिवाय तो स्विचला हात लावत नाही. ही शिस्त कारखान्यांना ज्यांनी लावली, त्यांत पहिलं नाव हेन्री मॉडस्लेचं घ्यावं लागतं. १४ फेब्रुवारी हा त्याचा स्मृतिदिन.

२२ ऑगस्ट १७७१ ला लंडनजवळच्या वुलविचमध्ये त्याचा जन्म झाला. वडील सैन्यात होते. जखमी झाल्यावर ते तिथल्याच सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर झाले. हेन्री बाराव्या वर्षी त्याच कारखान्यात काडतुसांत दारू भरायच्या कामाला लागला. दोन वर्षांनी त्याला सुतारखात्यात घातलं, पण पोराचं सगळं लक्ष लोहाराच्या भट्टीकडे. शेवटी पंधराव्या वर्षी तो लोहारखात्यात गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या हाताची सफाई बाहेरच्यांच्याही कानावर गेली.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कारागीर तेव्हा नव्या तऱ्हेचं कुलूप बनवत होता. कुलूप उत्तम, पण आतले बारीक भाग एकसारखे काढणारा माणूस मिळेना. अठरा वर्षांच्या मॉडस्लेला त्याने कामावर घेतलं. १७९० मध्ये ब्रामाने दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलं आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस लावलं. ते कुलूप मॉडस्लेच्या हातचं होतं. ते उघडलं १८५१ मध्ये, हॉब्स नावाच्या एका अमेरिकन माणसाने, आणि त्यालाही सोळा दिवस लागले. तोपर्यंत ब्रामाही गेला होता आणि मॉडस्लेही.

मॉडस्ले तिथे फोरमन झाला. ब्रामाच्याच घरी कामाला असलेल्या साराशी त्याने लग्न केलं, मुलं झाली, खर्च वाढला. पगार आठवड्याला ३० शिलिंग. त्याने वाढ मागितली, मालकाने सरळ नाही म्हटलं. आठ वर्षं ज्याच्या हातावर कारखाना चालला, त्याला दोन-चार शिलिंगांसाठी सोडलं! १७९७ मध्ये मॉडस्ले बाहेर पडला आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचं छोटं वर्कशॉप थाटलं. पहिलं काम काय मिळालं, तर एका चित्रकाराच्या मोठ्या ईझलचं लोखंडी सामान.

याच काळात त्याने आपला आटे पाडायचा लेथ तयार केला. त्याआधी बहुतेक ठिकाणी टर्नर टूल हातात धरून, टेकूवर दाबून धातू कापत असे. म्हणजे हात थकला की माप चुकलं. मॉडस्लेने टूल घट्ट बांधलं स्लाइडवर, स्लाइड बसवली सरळ बेडवर आणि तिला पुढे न्यायला लीड स्क्रू दिला. स्पिंडल आणि लीड स्क्रू गिअरने जोडले. गिअर बदलले की आट्यांचं अंतर बदलतं. आपल्या शेडमधल्या साध्या लेथमध्ये आजही हेच आहे. स्लाइड रेस्ट त्यानेच शोधली असं मात्र म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये वोकान्सोंने आधी तसं काही केलं होतं, इंग्लंडात रॅम्सडेननेही. मॉडस्लेने हे सगळं धातूच्या एका भक्कम यंत्रात आणलं आणि ते रोजच्या कामाला लावलं.

पण माझ्या मते त्याची खरी कमाई लेथमध्ये नाही, सपाटीत आहे. बेडच वाकडा असेल तर त्यावरून सरकणारं टूल सरळ कसं जाणार? त्याच्या कारखान्यात कामगारांच्या टेबलांवर सरफेस प्लेट असायची. जॉबवर घासून पाहायची, उंचवटा दिसला की खरवडायचा. त्या प्लेटा खऱ्या करायची रीतही गमतीची. दोनच प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या चपखल बसतात, फसवतात. तीन घ्यायच्या आणि आलटून पालटून जुळवायच्या. तिन्ही एकमेकींशी जुळल्या की त्या सपाटच असतात.

आता आपल्या शेडमधला लेथ बघा. नवीन मशीनवरचं ग्रीस रॉकेलने पुसलं, जाड काँक्रीटवर ते उभं केलं, बोल्ट आवळले. इथेच गोची होते. जमीन जरा उंचसखल असली की बोल्ट आवळताना बिडाचा एवढा जाड बेडसुद्धा पिळतो. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लेव्हल बेडवर आडवी ठेवायची, एकदा हेडस्टॉकजवळ, एकदा टेलस्टॉकच्या टोकाला. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी यायला हवा. येत नसेल तर पायाखाली पातळ पत्री घालायची आणि पुन्हा बघायचं. मग चकमध्ये एक जाड रॉड धरायचा, टेलस्टॉक न लावता, आणि दोन्ही टोकांना हलका कट घेऊन मायक्रोमीटर लावायचा. मापं जुळली नाहीत तर बहुतेक वेळा बेडमध्ये पीळ उरलेला असतो. यात अर्धा दिवस जातो. तो दिला नाही तर वर्षभर प्रत्येक जॉब टेपर येतो आणि दोष टूलला जातो.

मायक्रोमीटरचंही तसंच. मॉडस्लेने स्वतःसाठी स्क्रूचा एक बेंच मायक्रोमीटर केला होता आणि त्याला लॉर्ड चॅन्सेलर म्हणत. मापावरून वाद झाला की निकाल त्याच्याकडे.

नाव झालं ते कप्प्यांमुळे. शिडाच्या एका मोठ्या लढाऊ जहाजाला हजारभर लाकडी कप्प्या लागत आणि त्या कारागीर हाताने करत. मार्क ब्रुनेलने त्यासाठी यंत्रं आखली, मॉडस्लेने ती बनवली. ४० च्या वर यंत्रं, पोर्ट्समथच्या गोदीत. १८०८ पर्यंत तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या, आणि ११० कुशल कारागिरांचं काम दहा साधे मजूर करू लागले. पगारवाढीसाठी नोकरी सोडलेल्या माणसाच्या यंत्रांनी शंभर कारागिरांचं कौशल्य बिनकामाचं केलं, हेही त्याच्या चरित्रात लिहायलाच हवं.

१८१० मध्ये कारखाना लांबेथला गेला. तिथे जहाजांची वाफेची इंजिनं बनू लागली आणि तिथून माणसंही घडून बाहेर पडली: रॉबर्ट्स, क्लेमंट, नॅस्मिथ, व्हिटवर्थ. व्हिटवर्थने पुढे १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवलं, कोन ५५ अंश. हार्डवेअरच्या दुकानात आपण बीएसडब्ल्यूचा टॅप मागतो तो त्याचाच. नळाच्या फिटिंगला चालणारे बीएसपी आटेही त्याच ५५ अंशांचे.

१८३१ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या आजारी मित्राला भेटून मॉडस्ले परत येत होता. खाडी ओलांडताना थंडी बाधली, आणि महिनाभराच्या आजारानंतर तो गेला. वय अवघं ५९. वुलविचच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. तिथलं बिडाचं स्मारक त्याने स्वतःच आखलं होतं आणि ते ओतलं लांबेथच्या त्याच कारखान्यात.