गोचिडीचा अभ्यासक : हॉवर्ड टेलर रिकेट्स

पूनम सागरमधील इमारतींच्या फाटकांपाशी दुपारी जी भटकी कुत्री निजलेली असतात, त्यांच्या कानांच्या आत करड्या वाटाण्यासारखे काही चिकटलेले आमच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळदा पाहिले असेल. तीच गोचीड. कासेला लागूनही दूध सोडून रक्तच पिणारी म्हणून आपल्या भाषेत तिची अपकीर्ती फार जुनी आहे. अशा तिरस्कृत प्राण्याच्या पोटात काय दडले आहे, हे शोधण्यात ज्या पुरुषाने आपल्या अल्प आयुष्याची उत्तम वर्षे वेचली, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

हॉवर्ड टेलर रिकेट्स यांचा जन्म दि. ९ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेच्या ओहायो प्रांतातील फिंडले या गावी झाला. इ. स. १८९४ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेऊन ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागो शहरी आले. आदल्याच वर्षीच्या आर्थिक अरिष्टात घरची स्थिती खालावली होती. तेव्हा पोटासाठी काम आणि जोडीला अभ्यास असा क्रम त्यांना चालवावा लागला. १८९७ मध्ये ते डॉक्टर झाले. १९०० मध्ये मायरा टब्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९०२ पासून ते शिकागो विद्यापीठात शिकवू लागले. येथवर त्यांचे आयुष्य कोणाही हुशार व कष्टाळू तरुणाचे असावे तसेच होते.

त्या सुमारास मोंटाना प्रांतातील बिटररूट नावाच्या खोऱ्यात एक भयंकर ताप वसंत ऋतूत दरसाल येत असे. प्रथम डोके व सांधे दुखत, मग मनगटांवर व घोट्यांवर तांबडे ठिपके उठत, आणि ते हळूहळू सर्वांगावर पसरत. या खोऱ्यात दहा रोगी पडले तर त्यांतील सात-आठ दगावत; शेजारच्या आयडाहो प्रांतात मात्र त्याच तापाने क्वचितच कोणी मरे. रोग बहुतेक नदीच्या पश्चिम तीरावरच का होतो, हेही कोणास उमगत नव्हते. १९०२ मध्ये विल्सन व चाउनिंग या दोघा संशोधकांनी गोचिडीवर संशय घेतला होता. परंतु रक्तात आपण जो जंतू पाहिला असे ते म्हणाले, तो पुढे कोणास सापडेना. त्यामुळे गोचिडीची गोष्टही लोकांनी थट्टेवारी नेली.

यात नवल काहीच नाही. इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा आपल्याकडेही लोक हवेला, घाणीला आणि धान्याला दोष देत होते. मुंबईत प्लेगचे काम केलेले फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले, तेव्हा कित्येक वर्षे विद्वानांनीच त्यांना हसण्यावारी नेले. क्षुद्र कीटक माणसास मारतो ही गोष्ट मनास सहज पटत नाही.

१९०६ च्या वसंतात रिकेट्स मोंटानातील मिझूला या गावी आले. तेथील रुग्णालयाच्या आवारात उभारलेला एक तंबू हीच त्यांची प्रयोगशाळा. रोग्याचे रक्त टोचून त्यांनी प्रथम गिनीपिगांमध्ये हा ताप उत्पन्न केला. मग एका आजारी गिनीपिगाच्या कानाशी एक गोचीड लावली. तिचे रक्त पिऊन झाल्यावर तिला डबीत ठेवले आणि काही काळाने एका निरोगी गिनीपिगाच्या कानाशी लावले. तोही आजारी पडला. त्याच वर्षी किंग नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनीही स्वतंत्रपणे हेच दाखविले, हे येथे सांगितले पाहिजे. कारण श्रेय वाटून घेण्यात रिकेट्स यांची थोरवी कमी होत नाही.

आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण यापुढील कामात आहे. प्रयोगात गोचीड रोग देते एवढ्याने भागणार नव्हते. रानात ती तो देते काय? पुढल्या वर्षी त्यांनी खोऱ्यातून गोचिडी गोळा करविल्या आणि त्या धीराने गिनीपिगांवर लावून पाहिल्या. बहुतेक निरुपद्रवी निघाल्या. अगदी थोड्यांत रोग सापडला. दर दंशागणिक माणूस का आजारी पडत नाही, या कोड्याचा उलगडा असा झाला. शिवाय रोगी मादीच्या अंड्यांतून निघालेली पिलेही रोगी असू शकतात, असे त्यांना आढळले. म्हणजे हा जंतू मातेकडून संततीस वारसा म्हणून मिळतो, आणि मनुष्य कोठेही नसला तरी रानात पिढ्यान् पिढ्या टिकून राहू शकतो!

या शोधाने खोऱ्यातील सर्वच लोक आनंदित झाले असे मात्र नाही. तेथे त्या वेळी सफरचंदांच्या बागांसाठी जमिनींची विक्री जोरात चालली होती, आणि आपल्या जमिनीवर प्राणघातक गोचिडी आहेत अशी वार्ता पसरणे जमीन विकणारांस कसे रुचावे?

१९०९ मध्ये रोग्यांच्या रक्तात व गोचिडींच्या अंड्यांत एक अतिसूक्ष्म दंडाकार जंतू आपणांस दिसतो, असे रिकेट्स यांनी प्रसिद्ध केले. तो मांसरसावर वाढविण्याचे त्यांचे यत्न फसले. आज आपणांस कारण ठाऊक आहे : हा जंतू केवळ जिवंत पेशींच्या आतच वाढतो. परंतु ते ठाऊक नसल्याने त्यांनी हाच रोगाचा कर्ता असे छातीठोकपणे म्हटले नाही. निबंधाच्या शीर्षकातसुद्धा शंकेस जागा ठेवली आणि जंतूस नावही दिले नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूविषयीही इतका संयम राखणारे लोक फार थोडे.

त्याच वर्षी मोंटानातील संशोधनाच्या पैशाची तरतूद लांबली. तेव्हा मेक्सिको शहरात टायफस तापाची साथ होती, व तो ठिपक्यांच्या तापासारखाच दिसे. म्हणून रिकेट्स आपले तरुण सहकारी रसेल वाइल्डर यांस घेऊन तेथे गेले. टायफस अंगावरील उवांनी पसरतो, असे ट्यूनिस येथे शार्ल निकोल यांनी नुकतेच दाखविले होते. या दोघांनाही तेच आढळले, आणि रोग्यांच्या रक्तात तशाच जातीचे सूक्ष्म दंड दिसले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांनी स्वीकारले होते. परंतु तेथे रुजू होण्यापूर्वीच टायफसने त्यांना गाठले, आणि दि. ३ मे १९१० रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व दोन मुले राहिली. मेक्सिकोच्या सरकारने त्यांच्यासाठी दुखवटा पाळला.

पालकांसाठी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. या कुळातील ताप आपल्या देशातही आहेत. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीपासून होणारा ताप महाराष्ट्रात आढळतो. आणि २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची जी साथ आली, तिचा जंतू जवळचा नातलग असून तो गवतातील माइट नावाच्या किड्यांच्या पिलांच्या चाव्याने येतो. डॉक्सिसायक्लिन या औषधाने असा ताप बरा होतो, पण ते लवकर मिळाले पाहिजे. म्हणून मुलास ताप आला व अंगावर चाव्याचा काळा खवला दिसला, अथवा मूल नुकतेच कुत्र्यांत वा गवतात खेळले असले, तर ती गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. गोचीड चिकटलीच तर ती बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी.

जंतूस नाव मिळाले ते १९१६ मध्ये. ब्राझीलचे संशोधक दा रोशा लिमा यांनी टायफसच्या जंतूचे नाव रिकेट्सिया प्रोवाझेकी असे ठेवले. त्यातील दुसरे नाव स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक यांचे; दा रोशा लिमा यांच्यासमवेत याच तापाचा अभ्यास करीत असता तेही १९१५ मध्ये टायफसनेच वारले होते.