विश्लेषण : इंटरनेट कॉल अडखळतो का? उत्तर एर्लांग यांच्या रांगेच्या गणितात

मुरुमहून पुण्यात शिकणाऱ्या मुलीला दुपारी इंटरनेटवरून कॉल लावला तर आवाज स्वच्छ येतो. रात्री नऊला मात्र शब्द गिळले जातात, दोघे एकदमच बोलू लागतात. रेंजच्या काड्या तेवढ्याच असतात. असे का होते, हे समजायला १९२९ मध्ये निधन पावलेल्या एका डॅनिश गणितज्ञाचे काम उपयोगी पडते.

कोण होते एर्लांग?

अ‍ॅग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधील लोनबोर्ग गावात, शाळामास्तरांच्या घरी झाला. विशेष परवानगी काढून १४व्या वर्षीच ते कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक (प्रिलिमिनरी) परीक्षा उत्तीर्ण झाले. १९०१ मध्ये त्यांनी गणितातील पदवी घेतली, मग काही वर्षे शाळांत शिकवले. १९०८ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

कंपनीपुढे प्रश्न काय होता?

एक्स्चेंजमध्ये लाइन किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर ग्राहक ताटकळतो, जास्त ठेवल्या तर पैसा वाया जातो. कॉल योगायोगाने येत असले तरी त्या योगायोगालाही नियम असतो, हे एर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवले. किती कॉल परत फिरतील आणि किती थांबावे लागेल, याची सूत्रे त्यांनी १९१७ मध्ये मांडली. एकच खिडकी असलेल्या साध्या रांगेचे गणित पाहा : खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल तर सरासरी एका कामाइतके थांबावे लागते; ९० टक्के वेळ व्यस्त असेल तर नऊ कामांइतके.

ते केवळ कागदावरचे गणिती नव्हते. केबलमधील मोजमापांसाठी कोपनहेगनच्या मॅनहोलमध्येही ते उतरत. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये टेलिफोन वाहतूक मोजण्याच्या एककाला ‘एर्लांग’ हे नाव मिळाले.

आजच्या कॉलशी संबंध काय?

इंटरनेट कॉलमध्ये आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे, म्हणजे पॅकेट, पाठवले जातात. वाटेतल्या राउटरवर त्यांचीही रांग लागते. पोहोचायला लागणारा वेळ म्हणजे डिले. तो प्रत्येक पॅकेटला कमी-जास्त लागणे म्हणजे जिटर. हा फरक झाकण्यासाठी अ‍ॅप काही पॅकेट साठवून मग वाजवते. साठा मोठा ठेवला तर डिले वाढतो. लहान ठेवला तर उशिरा आलेले पॅकेट टाकून द्यावे लागते आणि शब्द तुटतो.

मोजायचे कसे?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा डिले १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. ४०० च्या पुढे तो जाऊ नये. म्हणून कॉल अडखळला तर केवळ स्पीड पाहू नका. दुपारी आणि रात्री ‘पिंग’ तपासा. तो जाण्या-येण्याचा एकूण वेळ दाखवतो. सरासरीबरोबरच सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांतला फरकही पाहा. रात्री तो फरक वाढत असेल, तर वाटेत कुठेतरी रांग लागली असण्याची शक्यता मोठी.