देशांच्या सीमांवरून करवत चालवणारा कारागीर

लहान मूल असलेल्या घरात भारताच्या नकाशाचे कोडे सहसा सापडतेच. राज्यांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे तुकडे, खोक्याच्या झाकणावर छापलेला पूर्ण नकाशा आणि कपाटाखाली हमखास हरवलेला एखादा गोवा किंवा सिक्कीम. सगळे तुकडे जागेवर बसले की मूल टाळ्या पिटते आणि लगेच ते विस्कटून नव्याने मांडायला घेते. या खेळाला अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या मुळाशी ज्याचे नाव घेतले जाते, तो जॉन स्पिल्सबरी हा लंडनचा एक तरुण ताम्रपट-कोरक होता. त्याला आयुष्य लाभले अवघे तीस वर्षांचे. त्यातली शेवटची काही वर्षे त्याने जगाचे नकाशे कापण्यात घालवली, आणि त्याच कामाने त्याचे नाव टिकवले.

जॉनचा जन्म १७३९ सालचा. त्याचा थोरला भाऊ जोनाथन हाही कोरीव छपाईच्या व्यवसायात होता. व्यक्तिचित्रांच्या छपाईत त्याने नाव मिळवले. पुढे जोनाथनची मुलगी मारिया चित्रकार म्हणून प्रसिद्धीला आली. आडनाव एक, नावाचे आद्याक्षर एक आणि धंदाही जवळपास एकच. त्यामुळे नंतरच्या चरित्रकोशकारांनी या दोघा भावांची बरीच गल्लत केली. धाकट्याचे स्वतंत्र कर्तृत्व दीर्घकाळ झाकोळून राहण्यामागचे हेही एक कारण होय.

जॉनने उमेदवारी केली ती थॉमस जेफ्रीज यांच्याकडे. जेफ्रीज हे त्या काळातील इंग्लंडमधील अग्रगण्य नकाशाकार व प्रकाशक. तिसरा जॉर्ज १७६० साली गादीवर आल्यावर राजाचे भूगोलकार ही पदवी त्यांना मिळाली. अशा उस्तादाच्या हाताखाली नकाशा कोरण्याची विद्या शिकायला मिळणे हे भाग्यच होते. पण ती विद्या सोपी नव्हती. नकाशा तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने उलटा कोरायचा असे. नद्यांची वळणे, किनाऱ्यांचे दंतुर काठ, शेकडो गावांची नावे, सारे आरशात दिसावे तसे उलटे. चूक झाली तर पत्रा घासूनपुसून तेवढा भाग पुन्हा कोरावा लागे. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्याच्या बोटांना देशांच्या सीमा पाठ होतात. स्पिल्सबरीने पुढे याच सीमांवरून करवत चालवली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तो काळही नकाशांना अनुकूल होता. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात इंग्लंड आणि फ्रान्स युरोपात, उत्तर अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर आणि हिंदुस्थानातही एकमेकांशी झुंजत होते. लंडनच्या व्यापाऱ्याला आणि उमरावाला रोजच्या वर्तमानपत्रात नवनव्या बंदरांची व किल्ल्यांची नावे वाचायला मिळत. आपल्या मुलांना भूगोल यायलाच हवा, असे त्यांना वाटू लागले होते. उद्याचा जमीनदार, सेनाधिकारी किंवा कंपनीचा नोकर व्हायचे तर जग माहीत हवे. मात्र शिकवण्याची पद्धत जुनीच होती. देशांची, राजधान्यांची आणि नद्यांची नावे घोकायची आणि विचारली की धडाधडा म्हणून दाखवायची. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुलांना खेळता खेळता शिकवावे, असा आग्रह धरला होता. अक्षरे चिकटवलेल्या फाशांनी वाचन शिकवण्याची युक्तीही त्यांनी सुचवली होती. शिक्षणाचा खेळ करावा हा विचार सुशिक्षित घरांत रुजला होता. भूगोलासाठी तसे साधन दुकानात मिळणे तेवढे बाकी होते.

स्पिल्सबरीने ड्रुरी लेनजवळच्या रसेल कोर्टमध्ये आपले दुकान थाटले. लंडनच्या नाटकगृहांचा हा गजबजलेला भाग. १७६३ साली, म्हणजे इकडे पानिपताला दोन वर्षे होऊन गेली होती तेव्हा, लंडनमधील व्यावसायिकांची एक सूची प्रसिद्ध झाली. तीत त्याची नोंद कोरक म्हणून आहे. शिवाय भूगोल शिकवणे सोपे व्हावे यासाठी लाकडावर नकाशांचे विच्छेदन करणारा, असेही त्याचे वर्णन आहे. शरीरशास्त्राचा अभ्यासक प्रेताचे करतो ते विच्छेदन हा शब्द येथे नकाशाला लावला गेला. पुढची शंभरएक वर्षे ही कोडी विच्छेदित नकाशे याच नावाने ओळखली जात होती.

कामाची रीत वरवर साधी होती. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला नकाशा हाताने रंगवायचा आणि महोगनी लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवायचा. मग कोरीव जडावकाम करणारे सुतार वापरतात तशा बारीक पात्याच्या करवतीने देशांच्या किंवा परगण्यांच्या सीमांवरून तो कापायचा. खरी कसोटी कापण्यात होती. पाते जाड असेल तर सीमेवरचा कागद भुशाबरोबर उडून जातो आणि दोन देशांमध्ये नसलेली दरी पडते. पाते फारच बारीक असेल तर वळणावर तुटते. हात जरा हलला तर पोर्तुगालचा लचका स्पेनला जातो. फळीच्या धाग्याला आडवे निमुळते टोक कापले तर ते खेळताना मोडते. आज छंद म्हणून स्क्रोल सॉवर लाकडी कोडी कापणाऱ्यांना विजेवर खालीवर होणारे पाते आणि चांगले प्लायवूड मिळते. पातळ काप, सावकाश वळण आणि शाबूत राहिलेला कागद या तीन अडचणी मात्र त्यांच्याही वाट्याला तशाच येतात. स्पिल्सबरीपाशी होते ते हाताने ओढायचे पाते.

त्याने आठ विषयांवरचे नकाशे विक्रीस ठेवले. जग, मग युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका हे खंड, आणि त्यानंतर इंग्लंड व वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड. ही निवड शिक्षकाची होती, तशीच व्यापाऱ्याचीही. एक संच पुरा झाला की मूल दुसरा मागणार, हे उघड होते. ग्राहकाच्या खिशाचाही विचार त्याने केला. समुद्रासह आणि समुद्राविना अशा दोन तऱ्हांनी नकाशा घेता येई. समुद्राला राज्यांच्या सीमा नसतात. त्याचे तुकडे पाडायचे तर लाकूड जास्त, मजुरी जास्त आणि भूगोलाचा धडा मात्र कमी. त्यामुळे समुद्र वगळलेला नकाशा स्वस्त पडे. तरीसुद्धा लाकूड आणि हातकाम यांमुळे ही वस्तू सामान्य घरांच्या आवाक्याबाहेरच होती.

त्याच्या कोड्यांचे तुकडे आजच्यासारखे एकमेकांत अडकत नसत. सीमा जशी जाईल तसा काप, एवढाच नियम. टेबलाला धक्का लागला की देश इकडेतिकडे सरकत. झाकणावर मार्गदर्शक चित्र असण्याची पद्धतही फार नंतरची. मुलाला देशाचा आकार आणि त्याचे शेजारी एवढ्याच खुणा मिळत. आणि शिकवायचे होते तेही नेमके तेवढेच. फ्रान्सची व्याख्या पाठ करणारा मुलगा ती आठवड्यात विसरतो. फ्रान्सचा तुकडा चार वेळा चुकीच्या जागी ठेवून पाचव्या वेळी स्पेनच्या वर बरोबर बसवणारा मुलगा सहसा विसरत नाही. १७६६ सालचा, राज्याराज्यांत विभागलेल्या युरोपचा त्याचा कापलेला नकाशा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेला आहे.

या खेळाचा जनक म्हणून स्पिल्सबरीचे नाव विसाव्या शतकात रूढ झाले. लिंडा हॅनस यांनी १९७२ साली इंग्रजी कोड्यांचा इतिहास लिहिला आणि त्याच्या कामाला त्यात मानाचे स्थान मिळाले. परंतु पुढच्या संशोधनाने या मानाला एक प्रश्नचिन्ह लावले आहे. जाँ-मारी लप्रँस द बोमाँ या फ्रेंच लेखिका १७५० च्या दशकात लंडनमध्ये उमराव घराण्यांतील मुलींना शिकवीत होत्या. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही जगभर पोहोचलेली परीकथा १७५६ साली ज्या रूपात त्यांनी लिहिली, तेच रूप पुढे लोकप्रिय झाले. त्यांच्या अध्यापनात लाकडी नकाशांचा वापर होत असल्याचे उल्लेख त्या काळच्या पत्रव्यवहारात सापडतात आणि ते स्पिल्सबरीच्या दुकानाच्या आधीचे आहेत. राजपुत्र व राजकन्यांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच यांनीही राजवाड्यात कापलेले नकाशे वापरले. ते ठेवण्याचे महोगनीचे कपाट ब्रिटनमध्ये आजही पाहायला मिळते. १९९९ साली जिल शेफ्रिन यांनी या शिक्षिकांचे काम उजेडात आणले.

मग पहिला मान कोणाचा? वर्गात शिकवणाऱ्या बाईंची युक्ती बहुधा कागदोपत्री नोंदली जात नाही. दुकानदाराच्या मालावर मात्र नाव, पत्ता आणि साल छापलेले असते. इतिहास पुष्कळदा छापील नावाच्या मागे जातो. कल्पनेचे श्रेय बोमाँबाईंना द्यावे लागले, तरी स्पिल्सबरीचे काम त्यामुळे लहान ठरत नाही. शिक्षिकेच्या हाताशी असलेले साधन त्याने कोणालाही पैसे देऊन घेता येईल अशा मालात बदलले. त्यासाठी विषय ठरवले, प्रकार ठरवले आणि कापणीचे कौशल्य पणाला लावून तो धंदा उभा केला. ज्या १७६६ सालच्या युरोपची प्रत आज शिल्लक आहे, त्याच वर्षी त्याचे गुरू जेफ्रीज हे भव्य सर्वेक्षणांच्या खर्चाखाली दिवाळखोर झाले. गुरूने परगणेच्या परगणे मोजायला घेतले होते. शिष्याने तेच परगणे तळहातावर मावतील एवढे केले.

हे यश भोगायला मात्र त्याला वेळ मिळाला नाही. १७६९ साली वयाच्या तिसाव्या वर्षी स्पिल्सबरीचा मृत्यू झाला. मागे पत्नी सारा आणि चालते दुकान राहिले. साराने धंदा बंद होऊ दिला नाही. काही काळ तिने तो स्वतः सांभाळला. नंतर पतीकडेच उमेदवारी केलेल्या हॅरी अ‍ॅशबी या कोरकाशी तिने विवाह केला आणि कोड्यांची विक्री पुढे चालू राहिली. ऐन उभारणीत मालक गेल्यावर अनेक दुकाने पुसली जातात. हे पुसले गेले नाही, याचे श्रेय साराला द्यायला हवे.

पुढच्या काही दशकांत इतर प्रकाशकही या व्यवसायात उतरले. नकाशांबरोबर इंग्लंडच्या राजांच्या वंशावळी, बायबलमधील कथा आणि प्राण्यांची चित्रेही कापली जाऊ लागली. १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ या जेन ऑस्टिन यांच्या कादंबरीत गरीब घरातून आलेल्या फॅनीला युरोपचा नकाशा जुळवता येत नाही, म्हणून तिच्या श्रीमंत मावसबहिणी नवल करतात. नकाशाचे लाकडी तुकडे हे तोवर घराण्याची ऐपत दाखवणारी खूणही झाले होते. मुलांच्या बुद्धीसाठी निघालेल्या वस्तूने गरिबाच्या मुलीला अडाणी ठरवावे, ही या कथेची कडू बाजू होय.

ती बाजू बदलायला शतकाहून अधिक काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालवायच्या करवती घरोघरच्या हौशी कारागिरांपर्यंत पोहोचल्या. प्लायवूड आल्यावर लाकूड स्वस्त झाले. १९०८-०९ च्या सुमारास अमेरिकेत प्रौढांमध्ये या कोड्यांचे वेड पसरले आणि त्याच सुमारास जिगसॉ हे करवतीचे नाव कोड्याला चिकटले. स्पिल्सबरीने हा शब्द आपल्या मालासाठी कधी ऐकलाही नव्हता. १९३० च्या दशकातील महामंदीत साच्याने ठोकून कापलेली पुठ्ठ्याची कोडी काही पैशांत मिळू लागली, आणि उमरावांच्या मुलांचे खेळणे कामगाराच्या घरी आले.

स्पिल्सबरीच्या युरोपात पोलंड हे मोठे राज्य होते. त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १७७२ साली, शेजाऱ्यांनी त्याचा पहिला लचका तोडला आणि १७९५ पर्यंत ते राज्य नकाशावरून नाहीसे झाले. लाकडी खोक्यातला तुकडा मात्र तसाच राहिला. आपल्याकडे २०१४ साली तेलंगण राज्य झाले, तेव्हा भारताच्या जुन्या कोड्यांतला आंध्र प्रदेशाचा तुकडाही असाच कालबाह्य ठरला. सीमा माणसे आखतात आणि माणसेच पुसतात, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा असा एखादा जुना तुकडा अधिक स्पष्ट सांगतो. मुलांना भूगोल सोपा जावा एवढ्याच हेतूने रसेल कोर्टातल्या त्या तरुणाने करवत हाती घेतली होती. त्याने कापलेले युरोपचे तुकडे आज इतिहासाचाही धडा देत आहेत.