फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे बर्फात काळजी नाही? हॅरी फर्ग्युसनची गोष्ट वाचा

गेल्या जानेवारीत आम्ही चौघं मित्राची एसयूव्ही घेऊन पुण्याहून मनालीला गेलो होतो. गाडीच्या मागच्या दारावर ऑल-व्हील ड्राइव्हचा चकचकीत बिल्ला. सोलंगच्या चढावर बाकीच्या गाड्या जागच्या जागी चाकं फिरवत होत्या आणि आमची गाडी मात्र शांतपणे वर गेली. स्टेअरिंग माझ्या हातात होतं, त्यामुळे छाती जरा जास्तच फुगली होती.

परत येताना उतारावर, एका वळणाच्या आधी, मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरलं, म्हणजे एबीएस आपलं काम करत होतं. पण गाडी थांबायचं नावच घेईना. रस्त्यावर काचेसारखा बर्फाचा थर होता. डाव्या बाजूचा फेंडर दगडी कठड्याला घासत गेला, तेव्हा कुठे गाडी थांबली. खाली उतरून कठड्यापलीकडे किती खोल आहे ते मी पाहिलं. त्यानंतर बराच वेळ गाडीत कुणी काही बोललं नाही.

जी गाडी चढावर इतकी हुशार होती, ती उतारावर इतकी हतबल का झाली? घरी आल्यावर हे शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोहोचलो. त्याचं नाव मला लहानपणापासून माहीत होतं. मामाच्या गावी लाल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ते लिहिलेलं असायचं: मॅसी फर्ग्युसन. (आपलं पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते, त्यांचा इथे संबंध नाही.) ट्रॅक्टरवाला फर्ग्युसन म्हणजे हॅरी. आज गाड्यांवर मिरवणाऱ्या ऑल-व्हील ड्राइव्हच्या मागे त्याची मोठी मेहनत आहे.

शेतकऱ्याचा मुलगा, पण शेतात मन रमेना

हॅरी फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडच्या उत्तर भागात, काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. पण शेतीच्या कामाचा त्याला कंटाळा. १९०२ मध्ये तो बेलफास्टला मोठ्या भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. तिथे त्याला इंजिनाचा नाद लागला, तो कायमचा.

राइट बंधूंच्या विमानाच्या बातम्या वाचून त्याने स्वतःचं विमान बनवायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ ला ते जमिनीवरून उचललं गेलं आणि सुमारे १२० मीटर उडालं. आयर्लंडमध्ये स्वतः बनवलेलं विमान स्वतः उडवणारा तो पहिला माणूस. तेव्हा त्याचं वय होतं २५.

उलटणारा ट्रॅक्टर

पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई होती, ट्रॅक्टर वाढवायचे होते. १९१७ मध्ये आयर्लंडच्या सरकारी शेती खात्याने फर्ग्युसनला ट्रॅक्टरची नांगरणी सुधारण्याच्या कामाला लावलं. गावोगाव फिरताना त्याच्या लक्षात आलं की खरी अडचण इंजिनाची नाहीये, जोडणीची आहे.

त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे बैलगाडीसारखा ओढला जायचा. नांगर जमिनीतल्या खडकात अडकला की मागची चाकं पुढे जाऊ शकत नसत, पण इंजिन जोर लावतच राहायचं. मग ट्रॅक्टरचं तोंड घोड्यासारखं वर उचललं जायचं आणि अख्खं धूड चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचं. यात माणसं मरत होती.

फर्ग्युसनने आपल्या सहकाऱ्यांबरोबर यावर काही वर्षं घालवली. उत्तर निघालं ते म्हणजे थ्री-पॉइंट लिंकेज. नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडायचा: खाली दोन दांडे आणि वर एक टॉप लिंक. आता नांगर अडकला की टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि पुढची चाकं जमिनीला दाबून धरते. शिवाय हायड्रोलिक यंत्रणा नांगरावरचा ताण ओळखून नांगर थोडा वर-खाली करते. यामुळे नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हलक्या ट्रॅक्टरलाही जमिनीची घट्ट पकड मिळते.

ही पकड शब्दशः लक्षात ठेवा, कारण फर्ग्युसनचं सगळं आयुष्य याच एका गोष्टीभोवती फिरलं. इंजिनात कितीही ताकद असो, ती जमिनीपर्यंत पोहोचली नाही तर उपयोग शून्य, आणि चुकीच्या पद्धतीने पोहोचली तर जीव जातो. आज आपल्या शिवारात मग ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो, रोटाव्हेटर मागे जोडताना जे तीन पॉइंट दिसतात ते त्याचेच.

फोर्डशी फक्त हात मिळवला

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसनने अमेरिकेत जाऊन खुद्द हेन्री फोर्डला आपला ट्रॅक्टर चालवून दाखवला. दोघांचं जमलं. करार कागदावर झालाच नाही, नुसते हात मिळवले. १९३९ मध्ये दोघांचा ट्रॅक्टर बाजारात आला.

पुढे फोर्डच्या नातवाने कारभार हातात घेतला आणि १९४७ मध्ये ही भागीदारी संपली. फोर्ड मात्र फर्ग्युसनच्या पद्धतीचे ट्रॅक्टर बनवतच राहिली. फर्ग्युसनने कोर्टात खेचलं. १९५२ मध्ये त्याला ९२.५ लाख डॉलर मिळाले. मागितले होते त्याच्या मानाने हे फारच थोडे होते. तोंडी करारावर विसंबून राहिल्याची किंमत त्याने अशी मोजली.

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत त्याचा स्वतःचा टीई-२० ट्रॅक्टर बनू लागला होता. दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त बनले. रंग एकच, साधा राखाडी. लोक लाडाने त्याला छोटी राखाडी फर्गी म्हणायचे.

१९५३ मध्ये त्याने आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. पुढे या एकत्र कंपनीचं नाव मॅसी फर्ग्युसन झालं आणि राखाडी जाऊन लाल रंग आला. मामाच्या दारातला ट्रॅक्टर लाल का, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

छोटी फर्गी दक्षिण ध्रुवावर

बर्फाचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून. जमिनीवरून वाहनाने ध्रुव गाठायची ती पहिलीच वेळ. इंजिन तेच, शेतातलं, अगदी कमी हॉर्सपॉवरचं. मुख्य बदल चाकांभोवती होता. रणगाड्यासारखे पट्टे बसवले होते, म्हणजे बर्फावर टेकणारा भाग वाढला आणि पकड मिळाली. इथेही मुद्दा ताकदीचा नव्हताच.

मग गाडीकडे मोर्चा

ट्रॅक्टरच्या धंद्यातून बाहेर पडल्यावर फर्ग्युसन आरामात बसू शकला असता. पण त्याच्या डोक्यात आता मोटारी होत्या. ओल्या रस्त्यावर, बर्फावर गाड्या घसरतात आणि माणसं मरतात, हे त्याला खुपत होतं. १९५० मध्येच त्याने यासाठी वेगळी संशोधन कंपनी काढली होती. सोबत होते रेसर टोनी रोल्ट आणि फ्रेडी डिक्सन.

तेव्हा फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे जीप. आजच्या थार किंवा जिम्नीसारखं: लिव्हर ओढला की पुढची आणि मागची चाकं एकत्र जखडली जातात. चिखलात हे उत्तम. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोन्ही जखडलेली असतील तर गाडी वळायला कुरकुर करते आणि गिअरवर ताण येतो. म्हणून असा मोड फक्त घसरड्या जागी वापरायचा असतो.

फर्ग्युसनच्या टीमने मध्ये एक डिफरन्शियल घातलं, म्हणजे पुढची-मागची चाकं आपापल्या वेगाने फिरू शकतील. शिवाय एका बाजूची चाकं नुसतीच गरगर फिरू लागली तर त्यांना आवर घालणारी यंत्रणाही बसवली. आता चारही चाकांना कायम ताकद देता येत होती, अगदी रोजच्या डांबरी रस्त्यावरसुद्धा.

आणि इथेच माझ्या मनालीच्या प्रश्नाचं उत्तर होतं. फर्ग्युसन एवढ्यावर थांबला नव्हता. विमानांसाठी डनलॉपने मॅक्सारेट नावाचे चाक न अडकणारे ब्रेक बनवले होते, म्हणजे आजच्या एबीएसचे पूर्वज. त्याच्या टीमने ते आपल्या यंत्रणेला जोडले. चाकं मध्यातून एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे चारही चाकांसाठी एकच युनिट पुरायचं. निघणं आणि थांबणं ही त्याच्यासाठी एकाच सुरक्षिततेची दोन अंगं होती.

मोटार कंपन्यांना मात्र हे महाग आणि अनावश्यक वाटलं. प्रोटोटाइप बनत राहिले, विकत कुणी घेतलं नाही. २५ ऑक्टोबर १९६० ला फर्ग्युसन गेला. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे कंपनी सुरू झाली आणि पुढे त्याचं नाव आपल्या शेतापर्यंत पोहोचलं.

त्याच्या मृत्यूनंतर वर्षही झालं नव्हतं. २३ सप्टेंबर १९६१ ला इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने फर्ग्युसन पी-९९ ही फोर-व्हील ड्राइव्हची रेसिंग कार पळवली आणि गोल्ड कप जिंकला. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ आली. फोर-व्हील ड्राइव्ह आणि अँटी-लॉक ब्रेक दोन्ही असलेली ती विक्रीसाठी बनलेली पहिली कार. त्यातलं एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. पण गाडी महाग होती, बनल्या जेमतेम ३२०. ऑडी क्वाट्रो यायला १९८० उजाडलं.

मग माझी गाडी का घसरली?

चढावर काम असतं ताकद वाटून देण्याचं. तिथे चारही चाकं मदत करतात, दोन चाकांवर चालणारी गाडी मागे पडते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. थांबण्याच्या वेळी ऑल-व्हील ड्राइव्हचा जवळपास काहीच फायदा नसतो. एबीएस चाक अडकू देत नाही, त्यामुळे स्टेअरिंग हातात राहतं. पण टायर आणि बर्फ यांच्यात नसलेली पकड तेही निर्माण करू शकत नाही.

साधा हिशोब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण ८ मीटरमध्ये थांबते. बर्फाच्या थरावर तिलाच ६० मीटरपेक्षा जास्त लागू शकतात, आणि तेही सपाट रस्त्यावर. उतारावर त्याहूनही जास्त.

म्हणून बर्फात जाणार असाल तर एवढं कराच:

- ड्राइव्हपेक्षा टायरला जास्त महत्त्व द्या. गुळगुळीत झालेल्या टायरवर कुठलाही बिल्ला उपयोगाचा नाही. कडक बर्फ असेल तर चेन लावा.
- उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा, इंजिनलाच गाडी धरू द्या. वळणाच्या बरंच आधी वेग कमी करा.
- पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी वाढवा.
- चढावर गाडी सहज गेली म्हणून खुश होऊ नका. रस्ता किती घसरडा आहे हे चांगली फोर-व्हील ड्राइव्ह तुम्हाला कळूच देत नाही. माझं नेमकं हेच झालं.

राहिलेला डाग

पुण्यात आल्यावर फेंडरचं डेंटिंग-पेंटिंग केलं. गाडी सिल्व्हर मेटॅलिक. शेडमध्ये रंग एकदम बरोबर वाटला, उन्हात आणल्यावर फेंडर वेगळाच दिसला. चौकशी केल्यावर कळलं की गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला कलर कोड फक्त मूळ फॉर्म्युला सांगतो. जुना रंग उन्हाने थोडा उतरलेला असतो. शिवाय मेटॅलिक रंगातले बारीक कण स्प्रे कसा मारला त्यानुसार आडवे-तिरपे बसतात आणि प्रकाश वेगळा परततो. म्हणून चांगला पेंटर आधी नमुन्याच्या तुकड्यावर रंग मारून उन्हात बघतो, शक्य असेल तर रंग मोजणारं यंत्र वापरतो आणि नवा रंग शेजारच्या दारावर हळूहळू विरत नेतो. फर्गीसारखा साधा राखाडी असता तर इतकी कटकट झाली नसती.

खर्च मी दिला. मित्र म्हणाला, पुन्हा रंगवू. मी म्हटलं, राहू दे. उन्हात तो फेंडर दिसला की माझा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून उचलला जातो. हॅरी फर्ग्युसनने आयुष्याची शेवटची दहा वर्षं गाडी निघावी आणि थांबावीही यासाठी घालवली. बाजाराने त्यातला निघण्याचा भाग बिल्ला करून विकला. थांबण्याचा भाग आपला आपणच लक्षात ठेवायचा आहे.